मलमलीचा टेलिव्हिजन

फ्रीगंज, उज्जैन
१६ जुलै १९५७

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे पोहोचले असं समज. या निळ्या हवाईपत्रावर जागा कमी आणि आईने लिहायला सांगितलेलं फार आहे.

आईचं म्हणणं असं की तू तात्यांना माफीचं पत्र लिहावंस. कशाची माफी ते तुला मालूम नसणार. तात्यांनी तुला एका ओळीत 'यापुढे या घरी पत्र पाठवू नये' एवढंच कळवलं, आणि तुझं नंतरचं पाकीट न फोडता परत केलं. म्हणून मी सांगते.

भय्यासाहेबांचा भाचा तुमच्याच शहरात शिकतो. त्याने मामांना पेपरचं कात्रण पाठवलं. त्यात तू आहेस. एक पाय हवेत, टाय खांद्यावर उडालेला, समोर घोड्याच्या शेपटीसारखे केस बांधलेली एक मुलगी. खाली छापलंय की टेलिव्हिजनवर शुक्रवारी तरुण मुलामुलींचा जो नाचाचा कार्यक्रम होतो, त्यात भारतातून आलेल्या अरविंद नावाच्या विद्यार्थ्याने मजा आणली. भय्यासाहेब मंडळाचे अध्यक्ष, त्यांना कात्रण मिळालं म्हणजे ते वाचनालयात वाचणारच. आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत, मग कोपऱ्यात पेपर घेऊन बसलेल्या मिश्राजींसाठी हिंदीत. तात्या तिथेच होते. भय्यासाहेब म्हणाले, "दत्तोपंत, बधाई हो. मुलगा इंजिनियर व्हायला गेला आणि नाच्या झाला." लोक हसले. तात्या छत्री तिथेच विसरून भिजत घरी आले.

त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं, या घरातलं आता कोणी लोकांपुढे उभं राहायचं नाही. आणि पहिल्यांदा स्वतःचाच तबला गवसणीत घालून माळ्यावर टाकला. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला ठेका द्यायला जायचे, तेही बंद. देवळातून दोनदा बोलावणं आलं. सर्दी झालीय म्हणून कळवलं. सध्या गावात फ्लूची साथ आहे, त्यामुळे सगळ्यांना पटलं.

आईचं एवढंच. आता माझं.

इंदूरच्या रेडिओ स्टेशनवरून मला ऑडिशनचं बोलावणं आलंय. सुगम संगीत, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. अर्ज एप्रिलमध्ये तात्यांनीच भरला होता, आपल्या वळणदार अक्षरात. बोलावणं आलं तेव्हा त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "एक नाचला तेवढं पुरे."

दादा, तू नाचलास आणि माझं गाणं गेलं. हे आईने लिहायला सांगितलेलं नाही. खरं तर आईने काहीच सांगितलेलं नाही. मी लिहितेय हे तिला मालूम नाही.

तात्यांना पत्र लिही. तुझं पाकीट परत येऊ नये म्हणून माझ्या पत्रात घाल, मी त्यांच्या हातात देईन. माझ्या नावाने घरी पाठवू नकोस. माझ्या मैत्रिणीच्या, चारुलताच्या पत्त्यावर पाठव, टावर चौक, तिच्या बाबांचा, डॉक्टरांचा दवाखाना. तिच्या घरी तुझं अक्षर कोणी ओळखत नाही.

जयू


२ ऑगस्ट १९५७

प्रिय दादा,

पत्र मिळालं. मला आलेलं मिळालं. तात्यांना लिहिलेलं पाकिटात शोधलं, उलटं करून झटकलं, नव्हतं.

तू लिहितोस की तू काही वाईट केलं नाहीस, मग माफी कशाची मागू. बरोबर आहे. तिकडे बसून बरोबर असणं सोपं असतं.

तुझं म्हणणं मी आईमार्फत तात्यांपर्यंत पोहोचवलं, चारुलताच्या मामाकडून ऐकलं असं सांगून. म्हणजे असं की, त्या कार्यक्रमात नाचायचे पैसे मिळत नाहीत. शाळा सुटली की मुलंमुली रांग लावून आत जातात, रेकॉर्ड लागतात, नाचतात आणि घरी येतात. तुला घरमालकिणीच्या मुलीने ओढून नेलं. मला वाटलं याने फरक पडेल, कारण तात्यांना सगळ्यात लागला होता तो 'नाच्या' शब्द. पैसे घेऊन नाचणारा पुरुष.

तात्या जेवत होते. आईने सांगितलं तसा घास हातातच राहिला. म्हणाले, "फुकट?"

आई म्हणाली, हो, हौसेने.

"पैसे घेतले असते तर निदान म्हटलं असतं, परदेशात अडचण पडली असेल." मग ताक न घेताच उठले. आता आई माझ्यावर नाराज आहे की हे तरी कशाला सांगायला लावलंस.

त्यांचं दुसरंही एक चाललंय, ते लिहिणार नव्हते. मध्यभारत मोडून नवा प्रांत झाला, तेव्हा आपल्याला वाटलं होतं फक्त पाट्या बदलतील. आता सगळ्या प्रांतांचे कारकून एकत्र करून ज्येष्ठतेची यादी लावलीय. तात्या त्यात कुठल्या कुठे खाली गेलेत. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण वर आहे. कचेरीही भोपाळला जाणार, कधी ते कोणी नक्की सांगत नाही. आईने ट्रंका भरल्या, मग रोजची पातेलीच आत गेली म्हणून उघडल्या. अर्धं घर ट्रंकेत, अर्धं बाहेर. पोळपाट एकीकडे, लाटणं दुसरीकडे. मला कुठेच बसवत नाही. सकाळी उठून मनातल्या मनात रियाज करते, ओठ मिटून. त्याने गळा तापत नाही, डोकं तापतं.

आता तू जे लिहिलंस त्यातलं मला नीट सांग. ती गाणारी मुलगी, सतराची, जाळीचे हातमोजे घातलेली, कॅमेऱ्यासमोर उभी राहून गात नव्हती? रेकॉर्ड लागली होती आणि ती नुसते ओठ हलवत होती? आणि समोरच्यांना हे माहीत असूनही ते ओरडत होते? मग तिला बोलावलंच कशाला? मला राग आला. नंतर दिवसभर तोच विचार करत होते. तिच्या मनात काय चालत असेल? स्वतःचाच आवाज कुठून तरी येतोय आणि आपण त्याच्या मागे धावतोय. की पुढे?

ते गाणं कसं होतं तेही लिही. शब्द लिहिलेस, टेलिफोन वाजत नाही म्हणून मुलगी रुसलीय. चाल लिहिली नाहीस. सा कुठला धरतात?

या कागदात काही घालू नये असं बाहेर छापलंय, म्हणून राखी पाठवता येत नाही. लाल धागा घडीत चिकटवलाय. पोस्टात कळला नाही तर तुझा, कळला तर सरकारजमा.

तात्यांना लिही.

जयू


२० ऑगस्ट १९५७

प्रिय दादा,

याही वेळी नाही. तुझ्या पत्रात तात्यांसाठी काही नाही. 'विचार करतोय' असं लिहिलंस. मला बोलावलंय ती तारीख विचार करत नाही, ती पुढे पुढे येतेय.

काल महाकाळाची शेवटची सवारी होती. गोपाळच्या रेडिओच्या दुकानाला सुट्टी, म्हणून मंडळातली सगळी मुलं त्याच्या दुकानात जमली, गणपतीचा देखावा ठरवायला. आता सांगते ते नीट वाच, कारण यात तुझा हात आहे.

तुझी पत्रं मी चारुलताला वाचून दाखवते. तिच्याच घरी येतात, मग न दाखवून कसं चालेल? तिने ते गोपाळला सांगितलं. गोपाळने सगळ्यांना. तर या वर्षी कालियामर्दन नाही, लंकादहन नाही. मंडळाचा देखावा आहे टेलिव्हिजन. अमेरिकेतला, नाचगाण्यासकट. आणि मंजुरी कोणी दिली असेल? भय्यासाहेबांनी. म्हणाले, उज्जैनमध्ये पहिल्यांदा आपल्याच मंडळात टेलिव्हिजन येतोय, ही गौरवाची बात आहे. मी तोंड आवळून बसले.

टेलिव्हिजन कोणी पाहिलेला नाही. जे काही मालूम आहे ते तुझ्या पत्रांतून. त्यामुळे तू जे लिहिलंस ते तंतोतंत होतंय. तू लिहिलंस पेटीला काच असते आणि चित्र बारीक ठिपक्यांचं, धुरकट दिसतं. म्हणून गोपाळने माणूसभर उंच लाकडी चौकट करून त्यावर मलमल ताणलीय, मागे दिवे. मलमलीतून माणूस खरोखर ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. तू लिहिलंस रंग नसतात. म्हणून नाचणाऱ्यांनी फक्त काळं आणि पांढरं घालायचं, तोंडाला आणि हाताला पावडर लावायची. लाल ओठ चालणार नाहीत, तर चारुलता ओठांना काजळ लावणार. तिच्या आईने हे ऐकल्यावर गोपाळला दवाखान्यात बोलावून घेतलं. तो म्हणाला, "काकू, मैं क्या करूं, अमेरिका में ऐसाच है." चारुलता म्हणजे ती जाळीच्या हातमोज्यांची मुलगी. हातमोजे तिने स्वतः क्रोशाने विणले.

नाच बसवायला कोणाला येत नाही. तू लिहिलंस, दोघं समोरासमोर उभं राहून एकमेकांना ढकलल्यासारखं करतात आणि पकडतात. आपल्याकडे मुलगामुलगी चालणार नाही, म्हणून मुलं मुलांना ढकलतात आणि पकडतात. कुस्ती वाटते. गोपाळ म्हणतो, टिपऱ्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी फक्त कपड्यांचं बघते. तात्यांना तसंच सांगितलंय. ते मंडळात पाऊल टाकत नाहीत, पण मला पाठवायला ना म्हणाले नाहीत. आरतीची ताटं, कपडे, यात काही लोकांपुढे उभं राहणं नाही.

हे खोटं आहे. कागदाची जागा उरलीय म्हणून लिहून टाकते.

गाणं मी म्हणतेय. तुमच्याकडची रेकॉर्ड इथे मिळत नाही, आणि तू चाल लिहिलीच नाहीस, 'जरा उड्या मारल्यासारखी' एवढंच लिहिलंस. मग मीच केली. टेलिफोन डॉक्टरांच्या दवाखान्यात सोडून आपल्या गल्लीत कोणाकडे नाही, म्हणून मी त्याचा पोस्टमन केला.

दारावरून टपाल गेले, माझे नाव नव्हते
वाजली पावले ज्यांची, माझे गाव नव्हते

भैरवीत बसवलंय, पण चालीला उडी दिलीय. पेटीच्या बाजूला पडदा आहे, त्याच्या मागे मी, एक हार्मोनियमवाला आणि एक तबल्याला. मलमलीमागे चारुलता ओठ हलवणार. तुमच्यासारखंच. फरक इतका की तिकडे रेकॉर्ड असते, इथे मी.

मी लोकांपुढे उभी राहत नाही ना? पडद्यामागे आहे. तात्यांनी सांगितलं ते मी मोडत नाहीये. तुझं काय मत? की याच्यावरही विचार करशील?

जयू


४ सप्टेंबर १९५७

दादा,

परवा झालं. 

हॉल भरला होता, बाहेर रस्त्यापर्यंत. फ्रीगंजातले मारवाडी, सिंधी, सगळे टेलिव्हिजन बघायला आले. रामघाटावरचे दोन पंडे सोवळं सोडून आले आणि पहिल्या रांगेत बसले. भय्यासाहेबांनी भाषण केलं, अमेरिका या विषयावर. त्यात तुझं नाव घेतलं. 'आपल्या उज्जैनचा सुपुत्र' म्हणाले. मी पडद्यामागून ऐकत होते. मला माहीत नव्हतं की तात्या हॉलमध्ये आलेत. आईने नंतर सांगितलं. विसरलेली छत्री मंडळात पडून होती, ती न्यायला आलो असं दारावर म्हणाले. पावसाळा संपत आला तेव्हा त्यांना छत्री आठवली.

पहिला नाच झाला. कुस्ती. लोकांना फार आवडला. मग चारुलता मलमलीमागे आली, काजळाचे ओठ, हातमोजे.  दादा, ती खरंच या जगातली वाटत नव्हती, गोपाळ नंतर सांगत होता. मला काय दिसणार, माझ्यासमोर पडद्याची शिवण.

मी सुरू केलं. ध्रुवपद दोनदा झालं, अंतऱ्याला आले आणि वीज गेली.

मला कळलंच नाही. पडद्यामागे आधीच अंधार होता, हार्मोनियमवाल्याच्या पायाशी एक कंदील होता तेवढाच. मी डोळे मिटून गात होते. एवढं कळलं की तबला थांबला. तो नवशिका आहे, गडबडला. मी म्हटलं थांबला तर थांबला, मी सम चुकले नाही तर झालं. गात राहिले. इतके दिवस ओठ मिटून म्हटलेलं, ते सगळं एकदम बाहेर पडलं, थांबवता आलं नसतं.

आणि मग ठेका आला.

तो हात तुला मालूम आहे. केहरव्यात चौथ्या मात्रेच्या आधी तो जो डग्गा किंचित दाबतात आणि सोडतात, 'माणूस उंबऱ्यावर थांबून आत येतो तसं' असं सांगायचे. मी डोळे उघडले नाहीत. 

शेवटच्या ओळीच्या आधी वीज आली. आता समोर काय होतं ते ऐकून सांगते. चारुलता अंधाराला घाबरून पेटीतून बाहेर उडी मारून आईजवळ जाऊन बसली होती. मलमलीमागे कोणीच नाही. रिकामी पेटी उजळलेली आणि गाणं चाललंय. लोकांना आधी कळेना. मग कोणीतरी बाजूचा पडदा सरकवला, आणि तिथे मी, आणि तबल्यावर तात्या. बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री.

भय्यासाहेब उठून आले. म्हणाले, "दत्तोपंत, तुम्ही इथे?"

तात्यांनी हात थांबवला नाही. मान वर केली नाही. म्हणाले, "मुलगी गातेय. ठेका कोण देणार?"

मी गाणं पूर्ण केलं. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा तात्या उठून निघून गेले. छत्री घेऊन गेले. तबला त्या मुलाला परत दिला, आणि आई सांगते, जाताना त्याला डग्ग्याची गादी बदलायला सांगितली.

मी घरी आले तर तात्या निजले होते.   इंदूरचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला नाही, आईने काढला नाही. मला कळत नाही मी जिंकले की सगळं घालवून बसले. तू काहीतरी सांग.

जयू


२४ सप्टेंबर १९५७

दादा,

पितृपक्ष संपला एकदाचा. त्यात नवं काही विचारायचं नसतं, असं आईने मला बजावलं होतं. आजोबांच्या तिथीला तात्या रामघाटावर गेले, मीही बरोबर गेले, वाटलं येताना विचारीन. जाताना टांग्यात एक बाई रडत होत्या, येताना तात्यांनी डोळे मिटून घेतले. आणि घाटावर त्या पहिल्या रांगेतल्या पंड्यांपैकी एक भेटला, म्हणाला, "पंडितजी, लडकी का टेलिव्हिजन बहुत अच्छा लगा." तात्यांनी दक्षिणा हातावर ठेवली आणि पुढे निघाले.

तुझं पत्र काल मिळालं. एका बाबतीत मला हसू आलं. तू आता माफी मागायला तयार आहेस. तात्यांचं वेगळं पान घातलंस. वाचलं मी, उघडंच होतं. 'माझ्या वर्तनाने आपल्याला जो मनस्ताप झाला' वगैरे. कचेरीच्या अर्जासारखं आहे.

दादा, ते मी दिलं नाही. रागावू नकोस. जुलैमध्ये दिलं असतं, दोन्ही हातांनी दिलं असतं. आता वाटतं, मंडळातल्या त्या ठेक्यानंतर त्यांना हे वाचायला देणं म्हणजे त्यांचा अपमान. पान चुलीत घातलं. तू मनातून लिहिलं नव्हतंस, आणि त्यांना ते पहिल्या ओळीत कळलं असतं. तू काही वाईट केलं नाहीस. आधी मी तुला टोमणा मारला होता, तो मागे घेते.

तात्यांचा भोपाळचा हुकूम आलाय. दहा ऑक्टोबरला हजर व्हायचं. एकटेच जाणार, जागा मिळाली की आम्हाला बोलावतील. ट्रंका पुन्हा उघडल्या, आता फक्त त्यांची एक भरायची.

आज सकाळी घट बसले. आरती झाल्यावर त्यांनी मला स्टूल धरायला सांगितलं आणि माळ्यावरून तबला काढला. धूळ पुसली. मला वाटलं भोपाळला नेणार असतील. मग म्हणाले, "इंदूरला पाच तारखेला बोलावलंय ना? बस सांवेरवरून जाते, धक्के फार. गळ्याला मफलर बांध. आणि ते उडीवालं गाणं तिथे म्हणू नकोस, भजन म्हण."

मी स्टूल धरून उभी राहिले.

जयू


८ ऑक्टोबर १९५७

प्रिय दादा,

मी नापास झाले.

आधी हेच लिहिलं, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

स्टुडिओ म्हणजे एक खोली आहे, भिंतींना मऊ काहीतरी लावलेलं. आत गेलं की कानात कापूस घातल्यासारखं होतं. तिथे एक साहेब होते, तबल्याला त्यांचा माणूस, आणि एका काचेपलीकडे आणखी दोघं. तात्या माझ्याबरोबर आले होते, ते काचेपलीकडे उभे राहिले. लाल दिवा लागला की गायचं. मी गायले, आणि दादा, आवाज परत आलाच नाही. आपल्या हॉलमध्ये, घरात, अगदी न्हाणीघरात आवाज कुठेतरी आपटून परत येतो आणि आपल्याला कळतं आपण आहोत. तिथे तो गेला की गेला. मी घाबरले. अंतऱ्याला सुरातून उतरले. उतरले ते उतरलेच. साहेब चांगले होते. म्हणाले, आवाज आहे, सवय नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या.

परतीच्या बसमध्ये तात्या सांवेर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "समोर कोणी नाही आणि तरी करून दाखवायचं. फार अवघड आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "पुन्हा जाऊ." आणि मग उज्जैन यायच्या जरा आधी, माझ्याकडे न बघता, "त्या अरविंदसमोर तरी काय असतं? कॅमेराच ना?"

मी म्हटलं, हो. नुसता कॅमेरा.

तुझं नाव त्यांच्या तोंडून मी जून महिन्यानंतर पहिल्यांदा ऐकलं. बसमध्ये एकाची कोंबडी सुटली होती, तिच्यामागे सगळे धावत होते, म्हणून मला डोळे पुसता आले.

आता खरी गोष्ट. घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं की मी तुला लिहिते आणि तुझी पत्रं चारुलताकडे येतात. ते म्हणाले, "टावर चौकातून जाताना तिचा बाप दोन महिने मला विचारतोय, अमेरिकेची तिकिटं जमवतोस का म्हणून. मला काय कळत नाही?"

काल आम्ही गच्चीवर होतो. रशियाने काहीतरी आकाशात सोडलंय म्हणतात. आई विचारत होती, ते तुझ्या गावावरून जातं का. तात्या म्हणाले, जात असेल.

ते आता मागे येऊन उभे आहेत. म्हणतात, खालची जागा सोड. सोडते.

जयू


चि. अरविंद यास अनेक आशीर्वाद.

जयूने वर काय लिहिले ते वाचलेले नाही. कागद शिल्लक होता म्हणून लिहितो.

तुमच्याकडील ज्या गाण्यावर तुम्ही पाय टाकता त्याच्या मात्रा किती, सम कोठे येते, आणि गाणारा जर नुसते ओठ हलवीत असेल तर नाचणारे सम कशावरून धरतात, हे सविस्तर कळवावे. गोपाळ म्हणतो केहरवा असणार. त्याला तबल्यातले काही समजत नाही. मंडळातून आणलेल्या कात्रणात तुझा उजवा पाय वर आहे. तो समेवर वर आहे की समेनंतर, यावरून सगळे ठरते. छायाचित्रातून मला ते कळेना. बरेच दिवस पाहत आहे.

अभ्यासाकडे लक्ष असावे.

मी उद्या भोपाळास जात आहे. पत्ता कागदाच्या मागे लिहिला आहे. उत्तर तेथे पाठवावे. डॉक्टरांना त्रास देऊ नये.

दत्तात्रय